वडिलांनी रंगपेटी मिटून ठेवली आहे, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या एका ताईंचे वडील ७३ वर्षांचे आहेत. शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर जलरंगात निसर्गचित्रं काढायचे आणि दर दिवाळीला नातेवाइकांना स्वतः रंगवलेली भेटकार्डं पाठवायचे. काही वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं, म्हणजे हात थरथरवणाऱ्या आणि हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, निदान झालं, मध्ये हृदयाची बायपासही झाली. गेलं वर्षभर त्यांनी कुंचला धरलेला नाही. मुलीने मोठ्यांसाठीची रंग भरायची पुस्तकं आणून दिली, ती त्यांनी उघडूनही पाहिली नाहीत. डॉक्टर म्हणतात, गुंतवून ठेवा. भाऊ म्हणतो, बाबांना सुखाने बसू दे. ताई विचारतात, मी आग्रह करू की सोडून देऊ?

ताई, आग्रह करू नका आणि इतक्यात सोडूनही देऊ नका. बाबांना समजावण्यात शक्ती घालवू नका, ते तुमच्यापेक्षा जास्त समजून बसलेत. बदलायचं आहे ते टेबल, वेळ, कागद आणि घरातली बोलण्याची पद्धत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची आणि आवडीची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करते. ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी जाऊन पार्किन्सन्स, पक्षाघात, कॅन्सर, फुप्फुसाचे जुने आजार असलेल्या ज्येष्ठांबरोबर काम करते. त्यातले कितीतरी जण आजारापूर्वी गाणारे, शिवणारे, लिहिणारे, रांगोळी घालणारे होते. त्या अनुभवातून सांगते आहे. उत्तर लांबणार, पण विषयच तसा आहे.

आधी त्या पुस्तकांबद्दल. तुमचा हेतू चांगला होता, पण बाबांनी ती बाजूला सारली हे ऐकून मला खरं तर बरं वाटलं. त्या पुस्तकात चित्र कुणीतरी आधीच काढून ठेवलेलं असतं. आकार त्याचे, रचना त्याची. आपल्याला उरतं ते बारीक रेषेच्या आत रंग बसवणं, म्हणजे थरथरत्या हाताला सगळ्यात जड जाणारं काम. ज्या माणसाची हयात मुलांना चित्र कसं बघायचं हे शिकवण्यात गेली, त्याच्याकडून सगळे निर्णय काढून घ्यायचे आणि फक्त हाताची परीक्षा शिल्लक ठेवायची, असा तो प्रकार झाला. पुस्तक न उघडणाऱ्या बाबांमधला चित्रकार अजून जागा आहे.

चित्र काढणं म्हणजे काय काय असतं, ते एकदा सुटं करून पाहा. उपवन तलावाच्या काठी बसलेला चित्रकार आधी ठरवतो की डोंगर किती घ्यायचा आणि पाणी किती. कोणतं झाड गाळायचं. सकाळचा करडेपणा निळ्याकडे झुकवायचा की जांभळ्याकडे. कुठला कोपरा कोरा सोडायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, कधी थांबायचं. यानंतर हात कामाला लागतो. पार्किन्सन्सचा घाला मुख्यतः या शेवटच्या टप्प्यावर असतो. काही जणांमध्ये पुढे अंतराचा, आकाराचा अंदाजही बदलतो, विचाराची गती मंदावते, हे खरं आहे. तरीही वर्षानुवर्षं कमावलेली नजर, आवडनिवड, ‘हे इथे खटकतंय’ म्हणणारी जाण बहुतेकांमध्ये बराच काळ टिकते. म्हणून मी कुणाच्याही घरी गेले की एकच गोष्ट पाहते. या कामात ठरवणारं कोण आहे? मदत कितीही घ्या, हत्यारं बदला, दुसऱ्याचे हात वापरा. ठरवणारी व्यक्ती तीच राहिली तर काम तिचं असतं. तो अधिकार गेला की सुबक वस्तू तयार होते आणि माणूस हळूच उठून जातो.

बाबा कलाशिक्षक आहेत, त्यांना फ्रेंच चित्रकार आँरी मातिसबद्दल मी काय सांगणार. पण तुमच्यासाठी लिहिते. १९४१ मध्ये, ७१व्या वर्षी, मातिस यांच्यावर पोटाच्या कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचा बराच काळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेला. ईझलपुढे, म्हणजे चित्र टेकवायच्या स्टँडपुढे, तासन् तास उभं राहणं संपलं. मग त्यांचे सहायक मोठाले कागद त्यांनी सांगितलेल्या रंगांत रंगवून द्यायचे, ते कात्रीने थेट त्या रंगातून आकार कापायचे, आणि सहायक ते आकार भिंतीवर टाचण्यांनी लावायचे. हा थोडा वर, तो डावीकडे, तो काढून टाका, असं चालायचं. व्हाँस गावातल्या चॅपलसाठी त्यांनी लांब काठीच्या टोकाला कोळसा लावून रेखाटनं केली, ते चॅपल १९५१ मध्ये पूर्ण झालं. त्यांची ही कागदकामं आज त्यांच्या तैलचित्रांच्या तोडीची मानली जातात. ते रंगवण्याचं काम दुसऱ्यावर सोपवू शकले, कारण रंग कोणता हे त्यांनी सोडलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशीत, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर, पूर्ण गेली. चित्रकाराचे डोळेच गेले. ते कागदाच्या घड्या घालून, कापून, स्पर्शाने आकार जुळवत राहिले, मेणाच्या आकृत्या करत राहिले, आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाशाळेच्या, कलाभवनाच्या, भिंतीवर त्यांनी टाइल्सचं मोठं भित्तिचित्र उभं केलं. त्यांचे विद्यार्थी राहिलेल्या सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर माहितीपट केला. तो बाबांबरोबर बसून पाहा. मात्र ‘बघा, ते करतात, मग तुम्ही का नाही’ असा सूर चुकूनही लावू नका. दुसऱ्याच्या जिद्दीचा दाखला आजारी माणसाला फार टोचतो.

आता बाबा थांबले का, हे शोधू या. कारण उपाय त्यावर ठरेल.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन हे संदेश वाहणारं रसायन कमी होतं, आणि डोपामिन फक्त हालचालीचं काम करत नाही. एखादी गोष्ट सुरू करायची उभारीही त्याच्याशी बांधलेली आहे. त्यामुळे काही जणांत एक थंडपणा येतो. ते दुःखी नसतात. विचारलं तर ‘बरं आहे’ म्हणतात. नातवंडं आली तर हसतात. पण आपणहून काही सुरू होत नाही. घरच्यांना तो आळस किंवा हट्ट वाटतो, आणि त्यावरून घरात जे बोललं जातं ते ऐकून मला वाईट वाटतं, कारण हे आजाराचंच लक्षण आहे. अशा माणसाला ‘आज चित्र काढणार का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नको’च येणार. त्यांच्या बाबतीत विचारणं बंद करायचं. ठरलेल्या वेळी टेबल मांडायचं, कागद चिकटवायचा, पाणी ठेवायचं आणि आपण शेजारी बसून स्वतःच काहीतरी रंगवायला घ्यायचं. बऱ्याचदा आपलं चुकलेलं पाहून शिक्षकाचा हात पुढे येतो.

दुसरी शक्यता नैराश्याची. तेही पार्किन्सन्समध्ये खूप आढळतं, आणि बायपासनंतरही. पहाटे लवकर जाग येते आणि उदास वाटतं, जेवणात रस नाही, आवडीचं गाणंही नको, ‘माझा तुम्हाला भार झालाय’ अशी वाक्यं तोंडी येतात. असं असेल तर रंग-कागद बाजूला ठेवा आणि न्यूरोलॉजिस्टना किंवा मनोविकारतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. यावर चांगले उपचार आहेत. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे चेहरा निर्विकार दिसतो, त्यामुळे नुसत्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका, विचारा. जगणं नकोसं झालं असं ते बोलले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तिसरी शक्यता मला तुमच्या पत्रावरून सगळ्यात दाट वाटते. बाबांना आपलं आत्ताचं काम आपल्याच जुन्या कामाशेजारी दिसतंय. हॉलमध्ये त्यांचं एखादं भरात असतानाचं निसर्गचित्र लावलेलं असेलच. टेबल त्याच्या समोर मांडू नका, एवढंच सांगते. हे दुःख आहे, खरं आहे, आणि त्यावर ‘छे, अजूनही तसंच काढता तुम्ही’ असं खोटं बोलू नका. त्यांना कळतं. जुन्या पद्धतीकडे परत नेण्याचा प्रयत्न सोडून वेगळं माध्यम समोर आलं की तुलना थांबते. म्हणूनच पुढचं सांगते आहे.

वेळेपासून सुरुवात करा. पार्किन्सन्सचे पेशंट म्हणतात ‘गोळी लागली’ आणि ‘गोळी उतरली’. लेव्होडोपाची, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणारी, गोळी घेतल्यावर साधारण पाऊण-एक तासाने अंग मोकळं होतं, पुढे काही वेळ बरा जातो, आणि पुढची गोळी जवळ आली की पुन्हा ताठरतं. आठवडाभर एका वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि हात कधी मोकळा होता एवढंच लिहा. चित्राची वेळ त्या मोकळ्या पट्ट्यात बसवा. डाळ, दूध, पनीर, अंडी असं प्रथिनांचं जेवण गोळीच्या जोडीने झालं तर काही जणांत गोळी नीट लागत नाही, कारण दोन्ही आतड्यातून एकाच वाटेने शोषली जातात. वही डॉक्टरांना दाखवा आणि वेळा त्यांच्याकडूनच बदलून घ्या. स्वतः गोळ्या मागेपुढे करू नका, एकदम बंद तर कधीच करू नका. आणि दमायच्या आत थांबा. वीस मिनिटं झाली, हात अजून चांगला चाललाय, तेव्हाच कुंचले धुवायला घ्या. दमून, चिडून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी बसत नाही.

बसण्याची जागा. उभं राहून ईझलवर काम नको. पार्किन्सन्समध्ये उठताना रक्तदाब खाली येऊ शकतो, त्यात हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो. हातांची खुर्ची घ्या, पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, आणि टेबल एवढ्या उंचीचं की दोन्ही कोपरं त्यावर विसावतील. कोपर टेकलेलं असलं की थरथर बरीच आवरते. कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा. खाली कपाटाच्या कप्प्यात घालतात ती रबराची जाळीदार मॅट अंथरा, म्हणजे बोर्ड सरकत नाही. पाण्यासाठी रुंद बुडाचं, जड भांडं ठेवा, उंच ग्लास नको.

कुंचल्याची दांडी पातळ असते, आणि बोटं ताठरलेली असली की पातळ वस्तू धरायला जास्त जोर लागतो, जोर लावला की थरथर वाढते. हार्डवेअरच्या दुकानात एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम मिळतो. लहान भोकाचा फूटभर आणा, बोटभर लांबीचे तुकडे करा आणि कुंचल्यांवर चढवा. भोक सैल वाटलं तर आधी दांडीला थोडी टेप गुंडाळा. बाजारात महागड्या पकडी मिळतात, त्या नंतर पाहू. मनगटाला वजनाचा पट्टा लावल्याने काहींना फायदा होतो, काहींचा हात नुसता दमतो, त्यामुळे तो स्वतःहून आणू नका. कुंचला हाताला बांधण्याचा विचारही करू नका. फ्रेंच चित्रकार रेन्वार यांच्या वाकड्या झालेल्या बोटांना कुंचला बांधत असत अशी गोष्ट सांगितली जाते, ती खरी नाही. त्यांना गंभीर संधिवात होता, हाताच्या पट्ट्या तळव्याची त्वचा जपण्यासाठी होत्या, आणि कुंचला कुणीतरी बोटांत ठेवून द्यायचं. रंग, जागा, फटकारा त्यांचाच.

आता माध्यम. मी बाबांच्या पुढे आधी मोठा कागद ठेवीन, जाड, आणि तो पूर्ण ओला केलेला. वर रुंद चपटा कुंचला. ओल्यावर ओलं हे तंत्र त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिथे रेषा धारदार यायची अपेक्षाच नसते, रंग आपणहून पसरतो, आणि थरथरीने पडलेला थेंबही ढगात मिसळतो. पावसाळ्यातलं ठाण्याजवळच्या येऊरचं रान तसंही काठ नसलेलंच दिसतं. छोट्या कागदावर बारीक काम हा पार्किन्सन्सचा शत्रू आहे, कारण या आजारात हालचाली आपोआप आखूड होत जातात. अक्षर बारीक बारीक होत शेवटी मुंगीएवढं होतं, ते यामुळेच. मोठ्या कागदावर, खांद्यापासून हात फिरवून, तोंडाने ‘मोठं’ म्हणत केलेली हालचाल सोपी जाते. लिहितानाही दुरेघी वही दिली तर अक्षर पुष्कळांचं सुधारतं, कारण बाहेरची खूण मेंदूला आधार देते.

दुसरा पर्याय कागदकामाचा. एक दिवस फक्त कागद रंगवायचे, आठ-दहा छटांचे. वाळले की कापायचे किंवा नुसते फाडायचे. फाडलेल्या कडेला स्वतःची एक नजाकत असते आणि कात्री धरण्याचा प्रश्न मिटतो. मग तुकडे कागदावर सरकवत रचना करायची, मनाजोगी झाली की डिंक लावायचं काम नातवंडाने करायचं. आजोबांनी बोट दाखवायचं आणि नातवाने सरकवायचं, हे मुलांना फार आवडतं. फक्त मुलाला एक सांगून ठेवा की आजोबा म्हणतील तिथेच तुकडा ठेवायचा, ‘इथे छान दिसतंय’ म्हणून परस्पर चिकटवायचा नाही.

दिवाळीच्या कार्डांचं काय, हा प्रश्न येणारच. वीस-पंचवीस कार्डं हाताने रंगवण्याचा काळ बहुधा गेला. पण श्रावणात सुरुवात केली तर एक मोठं चित्र दिवाळीपर्यंत आरामात होईल. ते स्कॅन करून चांगल्या जाड कागदावर छापून घ्या, आणि छापखान्यात बाबांना बरोबर न्या. रंग बरोबर उतरलाय का, कापणी कुठे करायची, हे त्यांनी सांगू दे. आतला मजकूर ते बोलतील, तुम्ही लिहा. तोंडी सांगून लिहवण्यात कमीपणा नाही. रवींद्रनाथांनी शेवटची कविता ३० जुलै १९४१ रोजी, शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, अशीच सांगून लिहवली होती. हल्ली फोनवर मराठीत बोलून टाइपही होतं. पार्किन्सन्समध्ये आवाज क्षीण होतो, त्यामुळे फोनला नीट ऐकू यावं म्हणून जरा मोठ्याने बोलावं लागेल, तो घशालाही व्यायाम आहे.

घरातल्या बोलण्याबद्दल मला ठामपणे सांगायचंय. चित्र झालं की फोटो काढून लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. त्यांना विचारा, आणि ‘नको’ म्हणाले तर तो विषय तिथेच संपला. पुढे ‘वा वा काका, या वयातही!’ असे पंधरा निरोप येतात, आणि त्यातलं ‘या वयातही’ चित्रकाराला कसं लागतं हे मी समोर बसून पाहिलं आहे. कौतुकापेक्षा त्यांच्याशी कामाबद्दल बोला. हा हिरवा एवढा मंद का घेतला? इथे मोकळं सोडलंय ते मुद्दाम? पटलं नाही तर तसंही सांगा. आयुष्यभर ते विद्यार्थ्यांशी असंच बोलले असतील. आणि ‘बोटांना व्यायाम होतो’ असं त्यांच्यासमोर म्हणू नका. होतो हे खरं आहे, पण त्यासाठी माझ्याकडे शंभर दुसरे व्यायाम आहेत. चित्र चित्र म्हणून राहू दे.

वाशीच्या एका बाई आठवतात. स्तनाच्या कॅन्सरच्या केमोथेरपीनंतर त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली. काही औषधांनी तसं होतं, कधी काही महिन्यांनी संवेदना परत येते, कधी पूर्ण येत नाही. गोधड्या शिवणाऱ्या होत्या त्या, पण सुई बोटात आहे की गळून पडली हेच कळेना. शिवाय काखेतल्या गाठी काढलेल्या, त्या हाताला सुई टोचून जंतुसंसर्ग झाला तर हात सुजण्याचा धोका. त्यांची जाऊ शिवायला बसली. बाई पलंगावर सगळे तुकडे पसरायच्या, नऊवारीचे काठ, नवऱ्याच्या जुन्या शर्टाचे चौकोन, आणि दोन-दोन दिवस फक्त जुळवत राहायच्या. एकदा माझ्यासमोर जावेने एक पिवळा तुकडा शिवून टाकला, तर बाईंनी तो उसवायला लावला. ‘तो तिथे ओरडतोय,’ म्हणाल्या. केमो सुरू झाल्यापासून त्यांचा एवढा खणखणीत आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. जाऊबाईंनी काही न बोलता उसवलं.

फुप्फुसाचा आजार असलेल्यांचं गणित निराळं. ठाण्यात गुढीपाडव्याला गावदेवी मैदानात मोठी रांगोळी निघते, तिथे बसणाऱ्या एका आजींना सीओपीडी, म्हणजे श्वासाचा जुनाट आजार, झाला आणि रांगोळीची भुकटी त्यांना सोसेना. आता त्या खुर्चीत बसून ताटात ओल्या पाकळ्यांनी आणि डाळी-तांदळांनी रचना करतात. सुके पेस्टल, टर्पेंटाइन, फवाऱ्याचे रंग अशा लोकांसाठी नकोतच, आणि घरी ऑक्सिजन लावला असेल तर त्या खोलीत समई-निरांजनही नको. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील तर कुंडीतली माती आणि मूर्तिकामाची कच्ची माती डॉक्टरांना विचारल्याशिवाय हाताळू नये. डायलिसिससाठी सुया लावतात त्या हातावर दाब येईल असं काही करू नये. हे सगळं बाबांना लागू नाही, पण तुमच्यासारखे अनेक जण हे वाचतील म्हणून लिहून ठेवते.

पक्षाघाताबद्दलही थोडं. उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेली तरी सूर आणि पाठांतर अनेकदा शिल्लक राहतं, कारण त्यांची मेंदूतली घडण नेहमीच्या बोलण्यासारखी केवळ डाव्या बाजूवर अवलंबून नसते. ‘पाणी’ हा शब्द न सुचणारा माणूस आरतीची अख्खी कडवी म्हणतो. खारघरच्या एका भजनी मंडळात तबला वाजवणाऱ्या काकांना मी डग्ग्यावर, म्हणजे जोडीतल्या डाव्या वाद्यावर, डावा हात ठेवायला लावला. समोरून ठेका सुरू झाल्यावर ‘धा धिं धिं धा’ तोंडून आपोआप निघालं. आता उजवा भाग एक शाळकरी मुलगा वाजवतो आणि लय काका धरतात. स्वीडिश कवी तोमास त्रान्सत्र्योमर यांना १९९० मध्ये पक्षाघात झाला, वाचा जवळजवळ गेली, उजवा हात गेला. ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले, अगदी छोट्या कविता लिहीत राहिले, आणि २०११ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तुमच्या भावाचंही ऐकलं पाहिजे. काही माणसं खरोखर थांबतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. बाबा बाल्कनीतल्या कुंड्या तासभर लावत बसत असतील, ऐकलेल्या गाण्यावर मन लावून बोलत असतील, नातीच्या चित्रवहीत बारकाईने चुका दाखवत असतील, तर त्यांचं काम दुसरीकडे सुरू आहे असं समजा आणि रंगपेटीचा आग्रह सोडा. पुन्हा शिकवावंसं वाटलं तर तीही वाट आहे. नवी मुंबईत महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, ठाण्यात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. तिथे आठवड्यातून एकदा दोन-चार जणांना जलरंग दाखवायला थरथरता हात आड येत नाही. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळही माहीत असू द्या. हाच आजार घेऊन जगणाऱ्यांशी बोलल्यावर बाबांना जे पटेल ते तुमच्या-माझ्या सांगण्याने पटणार नाही.

एक धोक्याची खूणही सांगून ठेवते, कारण घरचे ती आनंदाची बातमी समजतात. पार्किन्सन्सच्या काही गोळ्यांनी, विशेषतः प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गटातल्या, काही जणांत एखाद्या गोष्टीचा अनिवार सपाटा सुरू होतो. जुगार, खरेदी, खाणं यांच्या बाबतीत हे होतं, तसंच चित्रांच्या बाबतीतही. बाबा अचानक रात्र रात्र जागून एकामागून एक चित्रं काढू लागले, जेवायला उठेनात, थांबवलं की चिडू लागले, किंवा रंगांच्या नळ्या तासन् तास नुसत्या लावत-काढत बसले, तर ते न्यूरोलॉजिस्टना त्याच आठवड्यात कळवा. गोळी किंवा मात्रा बदलून ते आटोक्यात येतं. चित्र संपूर्ण थांबवावं लागेलच असं नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्टला एकदा तरी दाखवा. परळच्या केईएममध्ये आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत, दोन्हीकडे ठाण्याहून लोकलने जाता येतं, आणि खासगीत घरी येणारेही मिळतात. बाबांना घेऊन जाल तेव्हा ओपीडीची वेळ आणि गोळी लागलेली वेळ जुळते का ते आधी पाहा. सोबत गोळ्यांची वही न्या, हात चांगला असतानाचा आणि जड असतानाचा टेबलावरचा एक-एक छोटा व्हिडिओ न्या, आणि त्यांचे स्वतःचे दोन कुंचले न्या. ते कोणते घ्यायचे, हे त्यांना ठरवू द्या.